मंदाकिनीबाईंचं यंदाचं वाण

मंदाकिनी वैरागडे यांना नवी कल्पना सुचली, की ती आधी पुरानी बस्तीतल्या त्यांच्या गल्लीला कळते आणि घरच्यांना नंतर. कारण घर गाठेपर्यंत वाटेत जो भेटेल त्याला सांगितल्याशिवाय त्यांना राहवतच नाही. त्या दिवशी तर त्या आरोग्य केंद्रातून निघाल्या त्या जवळजवळ धावतच. वय बासष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण चेहरा असा फुललेला, की भाजीच्या ठेल्यावरच्या भैय्यालालने आईला मारावी तशी हाक मारून छत्तीसगढीत विचारलं, "का बात हे दाई, लाटरी लगिस का?"

"लाटरीच समज भैया! यावर्षी माह्या हळदीकुंकवात असं वाण देणार आहे मी, की पूरा रायपूर देखता रह जाएगा!"

भैय्यालालला हळदीकुंकू ठाऊक नव्हतं आणि वाण तर नव्हतंच नव्हतं. तो "हव, हव" म्हणाला आणि टमाटर तोलू लागला.

घडलं होतं ते एवढंच. मंदाकिनीबाई दर महिन्यासारख्या बीपीच्या गोळ्या आणायला केंद्रात गेल्या होत्या. तिथली नर्स टिकेश्वरी साहू तोंड पाडून बसलेली. का, तर तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची तपासणी करायची होती आणि बाया येतच नव्हत्या. बीपी बघायचं, शुगर बघायची, तोंडात टॉर्च मारून बघायचं, छातीत गाठ आहे का ते चाचपायचं. सगळं फुकट. "बीमार पड़ती हैं तब आती हैं दाई," टिकेश्वरी म्हणाली. "अच्छी-भली कौन आएगी? कहती हैं, मुझे क्या हुआ है?"

हे ऐकलं आणि मंदाकिनीबाईंच्या डोक्यात लखकन उजेड पडला. बाया दवाखान्यात येत नाहीत, कबूल. पण न चुकता, नटूनथटून, वेळेआधी कुठे येतात?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रायपूरच्या मराठी घरांमध्ये जे युद्ध चालतं, त्याला हळदीकुंकू म्हणतात. शस्त्र म्हणजे वाण. कोणी चाळणी देतं, कोणी डबा. घरी गेल्यावर ते उलटंसुलटं करून, टिचकी मारून पाहिलं जातं आणि मग वर्षभर त्यावर बोललं जातं. मागच्या साली पिंपळापुरेकाकूंनी झाकणाच्या स्टीलच्या वाट्या वाटल्या होत्या आणि मंदाकिनीबाईंनी प्लास्टिकची साबणदाणी. त्या साबणदाणीचं नाव अजूनही कोणी काढलं, की मंदाकिनीबाईंना घास गोड लागत नसे.

त्यामुळे घरात शिरतानाच त्यांनी जाहीर केलं, "यंदाचं वाण ठरलं! तपासणी!"

सिंचन खात्यातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान शालिग्राम यांनी पेपर खाली केला. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. आर्वीहून नवरी होऊन आलेल्या या बाईने महिला मंडळाचं पापड केंद्र काढलेलं आणि ते बुरशीने बुडालेलं त्यांनी पाहिलं होतं. पहाटेचा योगवर्ग पाहिला होता, ज्यात शेवटी त्या एकट्याच उरल्या होत्या. बाई हरायची, चार दिवस रुसायची आणि पाचव्या दिवशी नवं काहीतरी घेऊन उभी राहायची. शालिग्राम वरून हसत आणि मनातून या स्वभावावर जीव टाकत, पण हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

"अवं, हळदीकुंकवाले कोणी सुया टोचतात का?" ते म्हणाले. "बाया आल्या पावली पळतील."

"म्हणूनच तर सांगायचं नाही ना अगोदर!"

सून देवश्री भिलाईची. तिला मराठी सगळं समजे, पण तोंडातून येई ती हिंदी. ती शंकर नगरच्या ऑफिसातून येऊन चपला काढत होती. "मम्मीजी, आइडिया तो एकदम मस्त है!" ती म्हणाली आणि तिथेच उभ्या उभ्या तिने मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. मजकूर सासूबाईंचा होता: वाण काय आहे ते सांगणार नाही, पण असं वाण आजवर कोणी लुटलं नाही. केंद्रातल्या डॉक्टरांनी खुशीने परवानगी दिली. टिकेश्वरी तर इतकी हरखली, की तिने त्या दिवसासाठी नवी साडी काढून ठेवली.

या सगळ्या धामधुमीत तिळाचे लाडू वळत होती ती क्षमा.

क्षमा मंदाकिनीबाईंची धाकटी जाऊ. दीर दिवाकर हार्टफेलने गेले त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मागच्या खोलीत ती राहायची आणि पंडरी बाजारातल्या एका दुकानाच्या साड्यांना फॉल-पिको करायची. बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. अलीकडे वर्षभर तिने तिखट सोडलं होतं. वरण-भात, दूधपोळी, एवढंच. मंडळातल्या बाया म्हणत, "क्षमाबाईसारखा संयम पाहिजे वं!" मंदाकिनीबाईही चार लोकांत अभिमानाने सांगत.

दरवर्षी हळदीकुंकवाचं सगळं रांधणं, वळणं, भरणं क्षमा करी आणि बाया येऊ लागल्या की स्वयंपाकघरात जाऊन बसे. समोर येऊ नको असं तिला कोणी कधी म्हटलं नव्हतं. ये, असंही कोणी म्हटलं नव्हतं.

तो दिवस उजाडला आणि दुपारी चारच्या ठोक्याला समोरची खोली भरली! बाया चपला काढतानाच एकमेकींना विचारत होत्या, काय असेल, काय असेल. पिंपळापुरेकाकू गर्भरेशमी नेसून आल्या होत्या आणि वाण स्टीलचं आहे की पितळेचं, याचा अंदाज घ्यायला कोपऱ्यात नजर फिरवत होत्या. देवश्रीने हळदीकुंकू लावलं, हातावर तिळाचा लाडू ठेवला, तीळगूळ घ्या गोड बोला झालं. मग मंदाकिनीबाई मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी आतल्या दाराचा पडदा सर्रकन ओढला.

मागे टिकेश्वरी उभी. टेबलावर बीपीचं यंत्र, शुगरचं यंत्र, टॉर्च.

"हे काय वं?" भावना नावाची एक तरुण शेजारीण म्हणाली.

"हेच वाण! डबे फुटतात, चाळण्या हरवतात. मी यंदा तुमचा जीव तुम्हाले देऊन राहिली!" हे वाक्य मंदाकिनीबाईंनी सकाळपासून आरशापुढे म्हणून पाहिलं होतं. टाळ्या पडतील अशी त्यांची अपेक्षा होती. टाळ्या पडल्या नाहीत, पण पळालंही कोणी नाही. दुसरी आधी टोचून घेते का, हे बघायला सगळ्या थांबल्या.

पिंपळापुरेकाकू पदर खोचून पुढे झाल्या. त्या रोज फिरायला जातात, कारल्याचा रस पितात आणि हे दोन्ही सगळ्यांना सांगतात. "घे माहीच आधी. मले कायची शुगर?" टिकेश्वरीने बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. यंत्राने आकडा दाखवला. चारशेच्या वर!

काकू मटकन खाली बसल्या.

दुसरी बाई आली. तिची पावणेचारशे. भावना जेमतेम पस्तिशीची, तिची साडेतीनशे. खोलीत नुसता हलकल्लोळ! कोणी नवऱ्याला फोन लावतंय, कोणी म्हणतंय इथल्या पाण्यातच दोष आहे, कोणी काकूंना वारा घालतंय. काकू डोळे मिटून म्हणताहेत, "कारलं वाया गेलं, सगळं कारलं वाया गेलं." बाहेर ओट्यावर बसलेले शालिग्राम दारातून डोकावले आणि तसेच मागे सरले. मंदाकिनीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. साबणदाणी परवडली असती!

टिकेश्वरीने गोंधळून स्वतःचंच बोट टोचलं. तिचीही तीनशे. ती यंत्राकडे बघत राहिली, मग स्वतःच्या बोटांकडे, मग टेबलावरच्या तिळाच्या लाडवाकडे. आणि खो खो हसत सुटली. "अरे दाई! सबके हाथ में गुड़ लगा है! ये खून की नहीं, लड्डू की शुगर है!"

गोड बोला म्हणत सगळ्यांनी लाडू हाताने खाल्ला होता आणि त्याच चिकट बोटांनी त्या तपासायला बसल्या होत्या. खोलीभर हशा पिकला. पिंपळापुरेकाकू ताडकन उठून बसल्या आणि म्हणाल्या, मी तर तेव्हाच म्हटलं होतं. काय म्हटलं होतं ते कोणी विचारलं नाही.

"हात धुवा, सगळ्याजणी साबणानं हात धुवा!" मंदाकिनीबाईंना पुन्हा जोर चढला. "क्षमे! वं क्षमे! कोमट पाणी आण!"

क्षमा स्वयंपाकघरातून पाण्याचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आली. एकेकीच्या हातावर पाणी घालत ती खोलीभर फिरली. पुन्हा तपासण्या सुरू झाल्या आणि यंत्र शहाण्यासारखं वागू लागलं. दोघींचं बीपी खरोखर जास्त निघालं, भावनाची शुगर काठावर. तिला सकाळी उपाशीपोटी केंद्रावर बोलावलं. छातीची तपासणी पडद्यामागे झाली. आधी लाजणाऱ्या बाया आता नंबर लावून भांडत होत्या. मंदाकिनीबाई इकडून तिकडे नुसत्या तरंगत होत्या.

तोंड तपासण्याआधी टिकेश्वरी प्रत्येकीला विचारी, "गुड़ाखू करती हो? तंबाकू?" गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचं काळं, चिकट मिश्रण. छोट्या डबीत मिळतं. इकडे कितीतरी बाया ते सकाळी बोटाने दातांना घासतात. पोट साफ होतं म्हणतात, डोकं हलकं होतं म्हणतात, आणि मग ते सुटत नाही. आमच्या मराठी बायांनी या प्रश्नावर जी नाकं मुरडली म्हणता! "छी! हमारे में नहीं चलता!" मंदाकिनीबाई तर सर्वांत मोठ्याने म्हणाल्या. टिकेश्वरीने मान डोलावली आणि सगळ्यांच्या तोंडात वरवर टॉर्च फिरवला.

मग तिची नजर रिकामा गंज उचलून निघालेल्या क्षमाकडे गेली. "ये दीदी रह गईं ना?"

कोणीतरी हळूच म्हणालं, "त्या हळदीकुंकवात नसतात." टिकेश्वरीला कळेना. तीसच्या वर वय आहे, घरात आहे, मग नसतात म्हणजे काय?

मंदाकिनीबाईंना कानशिलात बसल्यासारखं झालं. गल्लीतल्या प्रत्येक दाराशी त्या आमंत्रण घेऊन गेल्या होत्या. स्वतःच्या घराच्या मागच्या खोलीत मात्र गेल्या नव्हत्या. इतक्या दिवसांत एकदाही त्यांच्या डोक्यात क्षमाचं नाव आलं नव्हतं.

"क्षमे, बस इथं," त्या म्हणाल्या.

"मले काही नाई झालं, ताई. गॅसवर दूध आहे."

"जाऊ दे उतू. बस."

क्षमा बसली. बीपी ठीक, शुगर ठीक. पण टिकेश्वरी टॉर्च घेऊन "मुँह खोलव दीदी" म्हणाली आणि क्षमाने ओठ घट्ट मिटले. मान हलवली. उठू लागली. मंदाकिनीबाईंनी तिचा हात धरला. आणि त्यांना दिसलं, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या नखाशी तपकिरी डाग. पुसट, घासून घासून पुसट केलेला.

तो डाग त्यांनी लगेच ओळखला. कारण रोज सकाळी लिंबाची फोड घेऊन तसाच डाग त्या स्वतःच्या बोटावरून काढत.

होय. मंडळाच्या अध्यक्षा, तंबाखूविरोधी फेरीत पुढे चालणाऱ्या मंदाकिनी वैरागडे, न्हाणीघराची कडी लावून वीस वर्षं गुडाखू घासत होत्या. शालिग्रामांनाही ठाऊक नव्हतं. खोलीत पंचवीस बाया होत्या आणि त्यात पिंपळापुरेकाकू होत्या. इथे बोललं, की उद्या अख्ख्या रायपूरला कळणार, परवा नागपूरला. नाही बोललं, तर क्षमा तोंड मिटूनच पुन्हा मागच्या खोलीत जाणार. त्यांच्या छातीत इतकं धडधडत होतं, की या क्षणी बीपी मोजलं असतं तर यंत्रच फुटलं असतं.

त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि क्षमाच्या शेजारी बसल्या. "टिकेश्वरी, माहं तोंड पुन्हा पाह्य. नीट पाह्य. मघाशी मी खोटं बोलली. मी गुडाखू करते."

आणि पिंपळापुरेकाकूंच्या तोंडून निघून गेलं, "कोणती वं मंदाताई? लाल झाकणाची का पिवळ्या?"

सगळ्या माना गर्रकन त्यांच्याकडे वळल्या. काकूंनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. मग काय, बांधच फुटला! भावना म्हणाली, मी तर बाळंतपणापासून. दुसरी म्हणाली, दाढ दुखत होती म्हणून धरलं. तिसरी म्हणाली, माह्या सासूनंच शिकवलं. हसणं, रडणं, एकमेकींच्या पाठीवर धपाटे. आपल्यात कोणी करत नाही असं म्हणणाऱ्या त्या खोलीत निम्म्याअधिक बायांच्या घरी डबी होती. टिकेश्वरी कपाळावर हात मारून म्हणाली, "चलव, सब फिर से लाइन में लगव!"

या गलक्यात क्षमाने हलकेच मंदाकिनीबाईंकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

पुरतं उघडलंच नाही. दोन बोटं जातील एवढंच. टिकेश्वरीने टॉर्च धरला आणि तिचं हसू मावळलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता.

"कब से है?"

"वर्ष झालं."

"मिर्ची लगती है?"

"आग होते," क्षमा म्हणाली. "म्हणून सोडली."

मंदाकिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. वर्षभर घरात ज्याचं कौतुक चाललं होतं, तो संयम नव्हता. ती आग होती.

"कॅन्सर आहे का?" क्षमाने विचारलं. तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू गेला.

"मैं नहीं बोल सकती दीदी. बड़े डॉक्टर देखेंगे. पर जाना कल ही है."

क्षमा म्हणाली, लग्नसराईच्या साड्या पडल्या आहेत, पुढच्या महिन्यात जाईन. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मंदाकिनीबाई ऑटो घेऊन दारात उभ्या होत्या. साड्यांची गठडी शालिग्रामांच्या मांडीवर ठेवली आणि पंडरीच्या दुकानदाराला काय सांगायचं तेही पढवलं. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने या म्हणाले.

तो आठवडा मंदाकिनीबाईंच्या आयुष्यातला सर्वांत लांब आठवडा. डबी त्यांनी नालीत फेकली. दुसऱ्या दिवशी डोकं इतकं ठणकलं, की चिडून देवश्रीवर ओरडल्या. मग रडल्या. मग बडीशेप खात बसल्या. मागच्या खोलीत क्षमाचीही तीच गत. दोघी जावा बडीशेपेचा डबा मध्ये ठेवून एकमेकींवर पहारा करत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या रोज एकत्र बसल्या. शालिग्रामांना बायकोचं गुपित गल्लीतूनच कळलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मले वाटे, तुले लिंबू लई आवडते."

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरच्या दारापुढे मंदाकिनीबाई दोनदा मागे वळल्या आणि क्षमानेच त्यांना हाताला धरून आत नेलं. आत तरुण डॉक्टरीणबाईने कागद वाचला आणि मान वर केली. "कैंसर नहीं है."

"नाही?"

"नहीं. लेकिन उसी रास्ते पर था. गुड़ाखू हमेशा के लिए बंद, दवा, मुँह खोलने की कसरत, और हर तीन महीने में दिखाना." दोन वर्षं उशीर झाला असता तर आपण वेगळंच बोलत असतो, असंही ती म्हणाली.

मंदाकिनीबाई खुर्चीवरून उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. त्यांनी डॉक्टरीणबाईचे दोन्ही हात धरून हलवले आणि दारातल्या चपराशालाही "कॅन्सर नाही भैया, कॅन्सर नाही!" असं सांगून टाकलं. चपराशी बिचारा "बधाई हो" म्हणाला.

"बहुत अच्छा हुआ जल्दी आ गईं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "जाँच के लिए किसने बुलाया था इन्हें?"

मंदाकिनीबाईंनी उत्साहाने तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या बाईला आपलं नाव पुढे करायला कधी वेळ लागला नव्हता, ती क्षमाकडे बघू लागली. क्षमाच म्हणाली, "घर पे ही थी मैं."

बाहेर उन्हात ऑटोची वाट बघताना मंदाकिनीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "क्षमे, मी तुले बोलावलं नोतं वं. सगळ्या गावाले बोलावलं, तुलेच नाई. टिकेश्वरीनं पाह्यलं नसतं तर..."

क्षमाने त्यांना रडू दिलं. नाही-नाही असू द्या, असं ती एकदाही म्हणाली नाही. मग ऑटो आला, दोघी बसल्या आणि तो वळणावर गेल्यावर ती म्हणाली, "ताई, पुढल्या वर्षी मी समोर बसीन."

"कुठं?"

"समोरच्या खोलीत. सगळ्यांसंगं. अन् पाणी दुसरं कोणी आणन."

मंदाकिनीबाईंनी पदराने नाक पुसलं.

"मी आणीन," त्या म्हणाल्या.